एकदाही निवडणूक न लढलेल्या जेपींना एकच प्रश्न छळायचा, आपला उमेदवार नेमका ठरवतं कोण?

ऑक्टोबर २०१९. महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागत होता. लातूर ग्रामीणमधून काँग्रेसचा उमेदवार लाखाहून जास्त मतांच्या फरकाने निवडून आला. त्यात कुणाला नवल वाटलं नाही.

नवल होतं दुसऱ्या नंबरचं.

दुसऱ्या नंबरवर ना शिवसेना होती, ना वंचित, ना मनसे. दुसऱ्या नंबरवर होता नोटा. तब्बल २७,५०० मतदार उन्हातान्हात बूथवर गेले, रांगेत उभे राहिले, बोटाला शाई लावून घेतली आणि यातला एकही उमेदवार नको, असं सांगून घरी आले.

निवडणूक आली की पारावर, चहाच्या टपरीवर, फॅमिलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. सगळे एकाच माळेचे मणी. ह्याला पाडलं तर तो येतो, त्याला पाडलं तर हा येतो. आणि कधीकधी तर ज्याला पाडलं तोच पुढच्या वेळी दुसऱ्या चिन्हावर येतो.

हा वैताग व्यक्त करायला ईव्हीएमवर नोटाचं बटण आलं २०१३ साली. सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे. त्यासाठी २००४ साली कोर्टात जाणाऱ्या संघटनेचं नाव होतं पीयूसीएल, म्हणजे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज.

आणि ही संघटना आणीबाणीत ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, त्यांचं नाव होतं जयप्रकाश नारायण.

म्हणजे आपले जेपी.

जेपी म्हटलं की लोकांना आणीबाणी आठवते, इंदिरा गांधींचा पराभव आठवतो. पण त्यांच्या आयुष्याचा धागा पकडला तर तो सरकार पाडण्याचा नाहीच. तो आहे एका साध्या प्रश्नाचा. मतदार मत देतो हे खरं, पण ज्यांच्यातून निवडायचं ती नावं कोण ठरवतं?

या प्रश्नापायी जेपींनी आपला पक्ष सोडला, सत्तेची दारं बंद करून घेतली आणि म्हातारपणी जेलही भोगलं. शेवटी याच प्रश्नाने त्यांना हरवलंही.

द्राक्षं तोडणारा कॉम्रेड

जेपींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा. गाव सिताबदियारा. गंगा आणि घाघरा या दोन नद्यांच्या मधलं, पुरात न्हाऊन निघणारं गाव. वडील हरसू दयाल कालवा खात्यात नोकरीला होते.

पोरगा अभ्यासात हुशार. पाटण्यात कॉलेजला गेला. वयाच्या अठराव्या वर्षी लग्न झालं ते प्रभावतींशी. त्यांचे वडील ब्रजकिशोर प्रसाद म्हणजे चंपारणच्या सत्याग्रहात गांधीजींसोबत असलेले बिहारमधले मोठे नेते.

१९२१ च्या जानेवारीत मौलाना आझादांचं भाषण ऐकलं आणि गड्याने परीक्षा तोंडावर आलेली असताना सरकारी कॉलेज सोडून दिलं. असहकार म्हणजे असहकार.

पण शिकायचं तर होतंच. ब्रिटिशांच्या कॉलेजात नको म्हणून १९२२ साली जेपी थेट अमेरिकेला गेले. प्रभावती साबरमती आश्रमात राहिल्या. तिथे गांधीजींनी त्यांना मुलीसारखं सांभाळलं. पुढे त्यांनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं आणि जेपींनी ते आयुष्यभर मान्य केलं.

अमेरिकेतली सात वर्षं म्हणजे मजा नव्हती. कॅलिफोर्नियात द्राक्षांच्या बागेत मजुरी, फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम, हॉटेलात भांडी घासणं. त्यातून पैसे साठवायचे आणि फी भरायची. बर्कली, आयोवा, विस्कॉन्सिन, ओहायो असं करत त्यांनी समाजशास्त्रात एम.ए. केलं. विस्कॉन्सिनमध्ये असताना मार्क्स वाचला आणि जेपी पक्के मार्क्सवादी झाले.

१९२९ च्या शेवटी ते भारतात परतले, तेव्हा बायको गांधीवादी आणि नवरा कम्युनिस्ट विचारांचा, असा घरातच सामना होता.

नाशिकचं जेल आणि हजारीबागची भिंत

नेहरूंनी त्यांना काँग्रेसच्या कामगार विभागाचं काम दिलं. सविनय कायदेभंगाच्या काळात मोठे नेते जेलमध्ये गेले तेव्हा जेपी बाहेरून चळवळ चालवत होते. १९३२ ला मद्रासमध्ये पकडले गेले आणि त्यांची रवानगी झाली आपल्या नाशिकच्या जेलमध्ये.

इंग्रजांकडून झालेली ही मोठी चूक म्हणायला हवी.

कारण त्याच जेलमध्ये अच्युतराव पटवर्धन होते, मिनू मसानी होते, अशोक मेहता होते. सगळी तरुण, शिकलेली, काँग्रेसच्या जुन्या नेत्यांवर नाराज असलेली मंडळी. तिथल्या चर्चेतून कल्पना निघाली की काँग्रेसमध्येच राहून समाजवादी गट उभा करायचा. १९३४ साली काँग्रेस सोशलिस्ट पार्टी स्थापन झाली आणि जेपी तिचे सरचिटणीस झाले.

देशभर त्यांचं नाव झालं ते १९४२ मध्ये. चले जाव सुरू झालं तेव्हा जेपी हजारीबागच्या जेलमध्ये होते. ९ नोव्हेंबर १९४२, दिवाळीची रात्र. जेलमध्ये सण साजरा होत होता, पहारेकऱ्यांचं लक्ष तिकडे होतं. जेपी आणि त्यांच्या पाच साथीदारांनी धोतरांना गाठी मारून दोर केला आणि भिंत ओलांडली. जेपी पसार झाल्याचं कळेपर्यंत ते जंगलात पोचले होते.

सरकारने त्यांच्यावर इनाम लावलं. त्यांनी नेपाळच्या हद्दीत जाऊन आझाद दस्ता उभा केला. सप्टेंबर १९४३ मध्ये पंजाबात धावत्या रेल्वेत पकडले गेले, मग लाहोरच्या किल्ल्यात अमानुष छळ झाला. सुटका झाली एप्रिल १९४६ मध्ये. बाहेर आले ते देशाचे हिरो होऊनच.

नेहरूंनंतर कोण, या प्रश्नावर तेव्हा ज्यांची नावं घेतली जायची त्यात जेपी वरच्या नंबरला होते.

मतं जास्त, जागा कमी

१९४८ ला समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली आणि स्वतःचा पक्ष चालवायला घेतला. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. समाजवाद्यांना वाटत होतं की काँग्रेसला टक्कर आपणच देणार.

निकाल लागला. काँग्रेसला ४५ टक्के मतं मिळाली आणि लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा. समाजवादी पक्षाला साडेदहा टक्के मतं आणि जागा फक्त १२. तिकडे कम्युनिस्टांना साडेतीन टक्केही मतं नव्हती, तरी त्यांच्या जागा १६ आल्या.

कारण साधं होतं. आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो जिंकतो. कम्युनिस्टांची मतं ठराविक भागात एकवटलेली होती, समाजवाद्यांची देशभर विखुरलेली.

जेपींनी स्वतः ती निवडणूक लढवली नव्हती. त्यानंतरही कधी लढवली नाही. पण या निकालाने ते हादरले. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात २१ दिवसांचा उपवास केला. त्या दिवसांत त्यांनी स्वतःचं सगळं राजकारण तपासून पाहिलं. माणसाने चांगलं का वागावं, याचं उत्तर मार्क्सकडे नाही, अशा निष्कर्षाला ते आले.

१९५३ मध्ये नेहरूंनी त्यांना सहकार्यासाठी बोलावलं. जेपींनी बँकांचं राष्ट्रीयीकरण, जमीन सुधारणा असा कार्यक्रमच पुढे ठेवला. बोलणी फिसकटली. मंत्रिपदाची संधी दारात येऊन परत गेली.

१९५४ ला बोधगयेत त्यांनी जाहीर केलं की उरलेलं आयुष्य विनोबांच्या भूदान चळवळीला. यालाच जीवनदान म्हटलं गेलं. १९५७ ला त्यांनी पक्षच सोडला.

राजकारणात लोक एक पक्ष सोडून दुसऱ्या पक्षात जातात. जेपींनी पक्ष सोडला आणि कुठेच गेले नाहीत.

पक्षांशिवाय लोकशाही?

आता इथे विषय समजून घेण्यासारखा आहे.

१९५९ मध्ये जेपींनी भारतीय राज्यव्यवस्थेची नव्याने मांडणी सुचवणारा एक प्रबंध लिहिला. त्यातला मुद्दा थोडक्यात असा की लोकशाहीत लोक राजे आहेत, हे कागदावर. प्रत्यक्षात पक्षाचे चार-पाच नेते बंद खोलीत बसून तिकिटं वाटतात. तिकीट देताना पैसा बघितला जातो, जात बघितली जाते. मग लोकांपुढे तयार यादी येते आणि त्यातलं एक नाव निवडायला सांगितलं जातं.

निवडून आलेला माणूसही मग मतदाराकडे बघत नाही, तिकीट देणाऱ्याकडे बघतो. पुढचं तिकीट तिथूनच मिळणार असतं ना.

यावर जेपींनी उपाय काय सुचवला? तर मतदारसंघातल्या प्रत्येक ग्रामसभेने आपले दोन प्रतिनिधी निवडायचे. या प्रतिनिधींनी एकत्र बसून उमेदवार ठरवायचे. मग त्या उमेदवारांमधून सगळ्या मतदारांनी मतदान करायचं. उमेदवार वरून खाली येणार नाही, खालून वर जाईल.

ऐकायला भारी वाटतं. पण तेव्हाच यावर टीकाही झाली.

पहिला आक्षेप असा की खेडं म्हणजे काही एकदिलाचं कुटुंब नसतं. ग्रामसभेत बोलणार कोण, तर ज्याची जमीन जास्त आणि जात वरची तो. भूमिहीन दलित आणि बायकांचं कोण ऐकणार? बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत खेड्याबद्दल हाच इशारा देऊन ठेवला होता.

दुसरा आक्षेप असा की पक्ष वाईट असला तरी त्याला पकडता येतं. पाच वर्षांनी जाहीरनामा काढून जाब विचारता येतो. पक्षच नसेल तर पाचशे सुट्या खासदारांकडून कुणी काय हिशेब घ्यायचा?

या आक्षेपांवर जेपींकडे समाधानकारक उत्तर नव्हतं. पक्षविरहित लोकशाही त्या काळी स्वप्नाळू माणसाची कल्पना म्हणून बाजूला पडली. जेपी भूदानात फिरत राहिले. नागालँडमध्ये शांततेसाठी गेले, बिहारच्या दुष्काळात मदतकार्य उभं केलं, १९७२ मध्ये चंबळच्या डाकूंना शस्त्रं खाली ठेवायला लावली.

एप्रिल १९७३ मध्ये प्रभावती कॅन्सरने गेल्या. जेपी सत्तरीत होते, तब्येत ढासळली होती. आता हा माणूस निवृत्त होणार, असं सगळ्यांना वाटलं.

मेसच्या बिलातून पडलेलं सरकार

डिसेंबर १९७३. अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये मेसचं बिल वाढलं. तेल, धान्य, सगळंच महागलं होतं. पोरं भडकली.

दीडेक वर्षापूर्वीच गुजरातच्या मतदारांनी काँग्रेसला १६८ पैकी १४० जागा दिल्या होत्या. त्याच लोकांनी आता मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांच्या विरोधात रस्ते अडवले. याला नवनिर्माण आंदोलन म्हणतात. ९ फेब्रुवारी १९७४ ला चिमणभाईंनी राजीनामा दिला. पोरं तरी थांबेनात, आमदारांच्या दारात जाऊन राजीनामे मागू लागली. मार्चमध्ये विधानसभाच बरखास्त झाली.

जेपी त्या काळात गुजरातला जाऊन आले. निवडून दिलेल्या माणसाला पाच वर्षं सहन करण्याची गरज नाही, हे पोरांनी करून दाखवलं होतं. वीस वर्षं जे ते कागदावर मांडत होते ते रस्त्यावर घडत होतं.

मग पेटलं बिहार. १८ मार्च १९७४ ला पाटण्यात विद्यार्थ्यांनी विधानसभेला घेराव घातला, जाळपोळ झाली, गोळीबार झाला. विद्यार्थी जेपींकडे गेले. जेपींनी दोन अटी घातल्या. आंदोलन अहिंसक राहिलं पाहिजे आणि नेतृत्व नावापुरतं नसेल, निर्णय तेच घेतील. लालूप्रसाद यादव, नितीश कुमार, सुशीलकुमार मोदी ही पुढे बिहार चालवणारी मंडळी तेव्हा याच आंदोलनातली पोरं होती.

५ जून १९७४. पाटण्याचं गांधी मैदान खच्चून भरलं होतं. जेपींनी तिथे संपूर्ण क्रांतीची हाक दिली. नुसतं मंत्रिमंडळ बदलून भागणार नाही. शिक्षण, अर्थव्यवस्था, समाज आणि निवडणूक सगळंच बदलायला हवं. त्यात मागणी होती की निवडून दिलेला प्रतिनिधी काम करत नसेल तर त्याला परत बोलावता आलं पाहिजे.

त्याच वर्षी त्यांनी निवडणूक सुधारणांसाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे, आपल्या सासवडचे. या समितीने १९७५ च्या सुरुवातीला अहवाल दिला. मतदानाचं वय २१ वरून १८ करा, निवडणूक आयुक्त नेमताना पंतप्रधानांसोबत विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश असू द्या, अशा शिफारशी त्यात होत्या.

४ नोव्हेंबरला पाटण्यात मोर्च्यावर लाठीमार झाला. जेपींवर पडणारी काठी नानाजी देशमुखांनी आपल्या हातावर घेतली आणि त्यांचा हात मोडला. नानाजी मूळचे आपल्या हिंगोलीकडचे, जनसंघाचे नेते. जनसंघ आणि संघाची माणसं आंदोलनात मोठ्या संख्येने होती. त्यावरून जेपींवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते.

इंदिरा गांधींचं म्हणणं होतं की लोकांनी निवडून दिलेलं सरकार रस्त्यावरच्या गर्दीने पाडायचं, ही कसली लोकशाही? ताकद आजमावायची तर निवडणुकीत या. हा मुद्दाही अगदीच चुकीचा नव्हता. जेपींनी नोव्हेंबरमध्येच जाहीरपणे हे आव्हान स्वीकारलं.

आणि इथेच गाडी रूळ बदलते. कारण निवडणूक लढायची म्हणजे पक्ष आले.

एकाच दिवशी दोन निकाल

१२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली. हे सगळ्यांना माहिती असतं. त्याच दिवशी गुजरात विधानसभेचे निकालही येत होते, हे फारसं कुणाला आठवत नाही.

नवनिर्माणनंतरची ही पहिली निवडणूक. काँग्रेस हरली. विरोधकांच्या जनता मोर्चाचं सरकार आलं. पण स्पष्ट बहुमत नव्हतं, म्हणून पाठिंबा घ्यावा लागला. तो पाठिंबा दिला काँग्रेसमधून बाहेर पडून नवा पक्ष काढलेल्या चिमणभाई पटेलांनी.

होय, तेच चिमणभाई. ज्यांना हटवायला पोरं रस्त्यावर उतरली होती, त्यांच्याच टेकूवर आंदोलनातून आलेलं सरकार उभं राहिलं. पुढे १९९० मध्ये ते परत गुजरातचे मुख्यमंत्रीही झाले.

मतदार चिडून सरकार बदलू शकतो, पण राजकारणातली माणसं बदलणं किती अवघड असतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

२५ जूनला दिल्लीच्या रामलीला मैदानावर जेपींची प्रचंड सभा झाली. पोलिसांनी आणि लष्कराने बेकायदा आदेश पाळू नयेत, असं आवाहन त्यांनी केलं. त्याच रात्री आणीबाणी लागली. पहाटे गांधी शांती प्रतिष्ठानमधून जेपींना उचललं गेलं. वय ७२.

चंडीगडला नजरकैदेत असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाली तेव्हा माणूस जगतोय की नाही अशी अवस्था होती. मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये आणलं म्हणून वाचले. तिथून पुढचं सगळं आयुष्य त्यांनी डायलिसिसवर काढलं.

या अवस्थेतही १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या पुढाकाराने नागरी हक्कांची संघटना उभी राहिली. हीच पुढची पीयूसीएल. तिचे अध्यक्ष होते तारकुंडे.

पक्ष नको म्हणणाऱ्याने पक्ष काढला

१८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. मतदानाला जेमतेम दोन महिने होते. नेते नुकते जेलमधून सुटत होते, खिशात पैसे नव्हते.

जेपींनी विरोधकांना सांगून टाकलं की एकत्र येऊन एक पक्ष करणार असाल तरच मी सोबत आहे. पाच दिवसांत जनता पक्ष उभा राहिला. संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल, समाजवादी असे एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एका झेंड्याखाली आले.

१९५७ मध्ये पक्षांना रामराम ठोकलेला माणूस वीस वर्षांनी देशातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाचा बाप झाला होता.

आणि उमेदवार कुणी ठरवले? लोकसमित्यांनी नाही. तेवढा वेळच नव्हता. घटक पक्षांच्या नेत्यांनी दिल्लीत बसून जागा आपसात वाटून घेतल्या.

मतदारांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना आणीबाणीचा, नसबंदीचा हिशेब करायचा होता. मार्च १९७७ मध्ये तो झाला. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी ५५ हजारांहून जास्त मतांनी पडल्या. महाराष्ट्रातही ४८ पैकी काँग्रेसच्या हाती २० जागा राहिल्या. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा दिल्लीत बिगर काँग्रेसी सरकार आलं.

आता पंतप्रधान कोण? मोरारजी देसाई, जगजीवन राम, चरणसिंग तिघेही तयार. खासदारांचं मतदान घेतलं तर पक्ष पहिल्याच दिवशी फुटेल, अशी भीती. म्हणून निर्णय सोपवला दोन वडीलधाऱ्यांवर, आचार्य कृपलानी आणि जेपी. त्यांनी मोरारजींचं नाव ठरवलं.

नेता खालून वर यायला हवा, असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला देशाचा पंतप्रधान बंद दाराआड ठरवावा लागला. २४ मार्चला राजघाटावर जेपींनी जनता पक्षाच्या खासदारांना गांधीजींच्या समाधीसमोर शपथ दिली.

जिवंत माणसाला श्रद्धांजली

शपथ फार टिकली नाही.

या सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती करून पुन्हा सहजासहजी आणीबाणी लादता येणार नाही, अशी तजवीज केली. हे मोठं काम होतं. पण रोजच्या बातम्या होत्या भांडणाच्या. मोरारजी विरुद्ध चरणसिंग, जनसंघ विरुद्ध समाजवादी. निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा हक्क, लोकांनी उमेदवार ठरवणं, हे विषय सरकारच्या कामकाजात कुठेच नव्हते.

जेपी पाटण्यात आजारी पडून होते, उपचारासाठी मुंबईला यायचे. त्यांचा सल्ला विचारायला येणारे कमी होत गेले.

मार्च १९७९ मध्ये तर कहर झाला. जेपी जसलोकमध्ये होते. पंतप्रधान मोरारजींनी लोकसभेत जाहीर केलं की जेपी गेले. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज थांबलं. देशभर बातमी पसरली.

जेपी जिवंत होते.

ज्या माणसामुळे हे सरकार आलं, तो जिवंत आहे की नाही एवढी खात्रीही सरकारने करून घेतली नव्हती.

जुलै १९७९ मध्ये मोरारजींचं सरकार पडलं. चरणसिंग आले, तेही महिनाभर टिकले नाहीत. हे सगळं बघून ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात जेपींनी खरोखरच डोळे मिटले. ७७ वा वाढदिवस तीन दिवसांवर होता.

तीन महिन्यांनी, जानेवारी १९८० मध्ये निवडणूक झाली. वैतागलेल्या मतदारांनी इंदिरा गांधींना ३५३ जागा देऊन परत आणलं. जनता पक्षाला ३१ जागा मिळाल्या.

तीन वर्षांत चक्र पूर्ण फिरलं. ह्याला पाडलं तर तो आला, त्याला पाडलं तर हा आला.

मग जेपींचं उरलं काय?

सरकारं गेली, पण कागदावरच्या काही गोष्टी उरल्या.

मतदानाचं वय १८ करा, असं तारकुंडे समितीने सांगितलं होतं. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ते झालं. गंमत म्हणजे ते केलं राजीव गांधींच्या सरकारने.

निवडणूक आयुक्त नेमण्याबद्दलची शिफारस तब्बल ४८ वर्षांनी सुप्रीम कोर्टाच्या निकालात उतरली. मार्च २०२३ मध्ये कोर्टाने कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांची समिती ठरवून दिली. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने कायदा केला आणि त्यात सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री बसवला.

उमेदवाराला स्वतःवरचे गुन्हे आणि संपत्ती जाहीर करावी लागते, त्या कोर्टाच्या लढाईतही पीयूसीएल होती. नोटा तर त्यांच्याच याचिकेतून आला.

पण नोटाचं गणित बघा. समजा नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली, तरी आमदार किंवा खासदार तोच होतो ज्याला उमेदवारांमध्ये जास्त मतं आहेत. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांपुरता एक पाऊल पुढे टाकणारा आदेश काढला, नोटा जिंकला तर फेरनिवडणूक. विधानसभा आणि लोकसभेला मात्र हा नियम नाही.

म्हणजे मतदाराला नकार देता येतो, पण त्या नकाराने काही अडत नाही. जेपींना हवी होती ती उलटी गोष्ट. मतदान यंत्रासमोर उभं राहून वैतागण्यापेक्षा, यंत्रावर नाव येण्याआधीच लोकांचं म्हणणं विचारलं जावं.

त्यांनी सुचवलेला रस्ता बरोबर होता का? ग्रामसभेतल्या दादागिरीवर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. घाईत जमवलेली मोट टिकणार नाही, हे त्यांनी आधी ओळखायला हवं होतं का? बहुतेक हो. निवडणुकीचं आव्हान स्वीकारल्यावर उमेदवार ठरवण्याची जुनी पद्धतही त्यासोबत येणार होती, आणि ती आलीच.

पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आजही तिकीटवाटपाच्या दिवशी सगळ्या पक्षांच्या कार्यालयांबाहेर गाड्यांची रांग लागते, रात्री उशिरा याद्या निघतात, नाराज मंडळी सकाळी दुसऱ्या पक्षात दिसतात. या सगळ्यात त्या मतदारसंघातल्या मतदाराला कुणी फोन करून विचारत नाही.

मतदानाचा दिवस आपला असतो. त्याच्या आधीचे दिवस कुणाचे असतात, हे जेपींनी विचारलं होतं. लातूर ग्रामीणच्या त्या २७,५०० मतदारांनी वेगळ्या शब्दांत तेच विचारलं.

दोघांनाही अजून उत्तर मिळालेलं नाही.